वाचक विचारतात : पेरादेनियाची बाग

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेला जातोय. कँडीजवळच्या पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाला दोन तास पुरतील का? बरोबर सत्तरीची आई आहे. (सोलापूर)

उत्तर : नाही पुरणार. बाग सुमारे १४७ एकर आहे, तीन बाजूंनी महावेली नदी. आईंबरोबर चार तास धरा आणि सकाळी दार उघडताच आत शिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे दुपारनंतर हमखास गडगडाटी पाऊस. छत्री घ्याच, उंच झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात, तेव्हा ऊन असलं तरी ती उपयोगी पडते!

आधी ऑर्किडघर, मग जुळ्या नारळाची झाडं. जगातलं सर्वांत जड बी याच झाडाचं. झुलता पूल आईंसाठी वगळा.

आपल्याकडच्या उन्हात घाम लगेच सुकतो, तिथल्या दमट हवेत अंगावरच राहतो. म्हणून जाड सुती नको, पातळ कपडे घाला. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या थंड काचेवर बाष्प धरतं. तो पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

रोप किंवा बी मात्र आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर जप्त होतं.