अ‍ॅसिटिल गट असताना एटीपी कशाला लागतो? मांडवाच्या तारेवरून समजून घेऊ

तुमचे प्रश्न दोन. हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट बसला की डीएनएची पकड सैल होते असं पुस्तकात दिलंय, मग एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून डीएनए सरकवणारी वेगळी प्रथिनं पेशीला कशाला लागतात? आणि एकदा उघडलेला भाग उघडाच राहतो का?

मी नाशिकला बीएस्सीच्या वर्गांना हा भाग वीसेक वर्षं शिकवते आहे. मुलं दरवर्षी इथेच अडतात, आणि त्यात चूक आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त. आम्ही ‘रिळावर गुंडाळलेला दोरा’ असं सांगून मोकळे होतो. दोरा मऊ असतो, रिळावरून आपोआप ओघळतो. मग तो सोडवायला जोर लागतो हे पटणार कसं?

म्हणून आता मी वर्गात दोरा नेत नाही. एका विद्यार्थ्याने घरच्या द्राक्षबागेतून मांडवाच्या तारेचा तुकडा आणून दिला होता, तो नेते. ती तार पाण्याच्या बाटलीभोवती पावणेदोन वेढे वळवायला सांगते. वळते, पण हात सैल सोडला की उसळते. जागच्या जागी ठेवायची तर ठिकठिकाणी सुतळीने बांधावी लागते. डीएनए या तारेसारखा आहे. न्यूक्लिओसोममध्ये १४७ बेस जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा), म्हणजे सुमारे ५० नॅनोमीटरचा तुकडा आठ हिस्टोनांच्या गठ्ठ्याभोवती जवळपास पावणेदोन वेढे घेतो. खरं तर एवढ्या लांबीचा डीएनए स्वतःहून जेमतेम थोडासाच वाकतो. त्याला इतकं घट्ट वळवून धरतात त्या हिस्टोनांशी असलेल्या १४ पकडी. १९९७ साली न्यूक्लिओसोमची बारकाईने रचना समोर आली तेव्हा त्या स्पष्ट दिसल्या.

आता बाटली (म्हणजे हिस्टोनांचा गठ्ठा) तारेवरून चार बोटं पुढे सरकवायची आहे. चौदाच्या चौदा गाठी एकदम सोडल्या तर सगळंच उसळेल. तुम्ही काय कराल? एक गाठ किंचित सैल करायची, तार केसभर आत ढकलायची, गाठ पुन्हा आवळायची, आणि ती केसभर ढिलाई वेढ्याभोवती पुढे पुढे नेऊन दुसऱ्या टोकाने बाहेर काढायची. एटीपी खर्चून डीएनए सरकवणारी ती प्रथिनं, म्हणजे रीमॉडेलर, नेमकं हेच करतात. त्यांचं इंजिन वेढ्याच्या मध्यापासून साधारण २० जोड्या अलीकडे डीएनएला धरतं. इंजिनाचे दोन भाग एटीपी बसला की जवळ येतात, तुटला की दूर जातात, आणि अळी चालते तसे डीएनएवर पाऊल टाकतात. एका एटीपीमागे साधारण एक बेस जोडी.

अ‍ॅसिटिल गटाने गाठी थोड्या ढिल्या होतात, पण बाटली सरकत नाही. टोकाकडचा डीएनए अधूनमधून आपोआप सुटतो आणि पुन्हा चिकटतो, मधला मात्र सहसा सुटत नाही. शिवाय अ‍ॅसिटिल गटाचं दुसरं काम पुस्तकात बहुतेक वेळा राहूनच जातं: तो खूण आहे. स्वी/स्निफ या रीमॉडेलर यंत्राच्या इंजिन-प्रथिनावर ब्रोमोडोमेन नावाचा भाग असतो, तो अ‍ॅसिटिल लागलेल्या हिस्टोनला जाऊन धरतो. खूण करणारा वेगळा, हलवणारा वेगळा.

स्निफ या नावातही एक गोष्ट आहे, आणि नाशिककरांना ती जवळची वाटावी, कारण ती यीस्टची आहे. १९८४ साली साध्या साखरेवर, म्हणजे सुक्रोजवर, वाढू न शकणारे यीस्टचे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) सापडले; ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’ यावरून स्निफ हे नाव. सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज त्यांना पुरेसं बनवता येत नव्हतं. (आपल्याकडच्या वायनरीत यीस्टला इन्व्हर्टेजच्या जनुकाची गरजच फारशी पडत नाही. द्राक्षाच्या रसात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आणि ग्लुकोज मुबलक असेपर्यंत हे जनुक दबलेलंच राहतं.) बिघाड होता तो स्वी/स्निफच्या घटकांत. इन्व्हर्टेजचं जनुक शाबूत, तरी ते चालू का होत नाही, याचं उत्तर मिळालं फार सुंदर प्रयोगातून. १९९२ साली या आजारी यीस्टमधली हिस्टोनच्या जनुकांची एक जोडी काढून टाकली, आणि इन्व्हर्टेज पुन्हा बनू लागलं! हिस्टोन कमी पडल्यावर यंत्राशिवायही जनुक मोकळं होतं. म्हणजे यंत्राचं काम हिस्टोनांशी झुंजणं हेच होतं. मुलांना मी हा प्रयोग आधी सांगते, व्याख्या नंतर.

माणसातही हेच कुटुंब आहे, आणि त्याचे भाग बिघडले की परिणाम गंभीर होतात. मानवी कर्करोगांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात स्वी/स्निफच्या कुठल्या ना कुठल्या घटकात उत्परिवर्तन आढळतं. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डॉइड गाठींत त्याचा एक घटक नाहीसा झालेला असतो, हे १९९८ साली समजलं.

आता दुसरा प्रश्न. नाही, उघडलेला भाग उघडा राहत नाही. ‘रीमॉडेलर म्हणजे उघडणारा’ ही समजूत मनातून काढून टाका. आयस्वी या दुसऱ्या रीमॉडेलर कुटुंबातली यंत्रं उलट न्यूक्लिओसोम सारख्या अंतरावर ओळीने लावतात. दोन्ही बाजूंचा मोकळा डीएनए जणू मोजून बघतात आणि जास्त मोकळ्या बाजूला सरकतात. यीस्टमध्ये एका न्यूक्लिओसोमपासून पुढचा सुमारे १६५ जोड्यांवर येतो. एसडब्ल्यूआर१ हे आणखी एक यंत्र तर सरकवतच नाही, एच२ए हा हिस्टोन काढून त्या जागी त्याचाच वेगळा प्रकार, एच२ए.झेड, बसवतं. माणसाच्या एका पेशीत असे सुमारे ३ कोटी न्यूक्लिओसोम असतात. एखाद्या जनुकाच्या दाराशी स्वी/स्निफ एक न्यूक्लिओसोम बाजूला करत असतं, तेव्हा थोड्याच अंतरावर आयस्वी ओळ नीट लावत असतं. दोघंही एटीपीवरच चालतात, आणि एक थांबलं की दुसऱ्याची सरशी होते.