आजोळच्या वाड्यात जुनी दुनळी बंदूक निघाली आहे, नळ्यांमधल्या पट्टीवर 'मँटन अँड कंपनी, कलकत्ता' असं कोरलंय. ती कुठली आणि किती किमतीची, हे कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नात शेवटी सहज लिहिलंय, "दसऱ्याला घासून चकाचक करतो, मग किंमत काढतो." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलोय. घासू नका. ब्रासो नको, एमरी पेपर नको, चिंच-रांगोळी तर मुळीच नको. बाकीचं त्यानंतर.

आधी नावाचं बघू. मँटन म्हटलं की लोक लंडनच्या जोसेफ मँटनपर्यंत पोचतात आणि लाखांच्या गोष्टी सुरू होतात. जोसेफ मँटन १८३५ मध्ये वारला. तुमची बंदूक मधे मोडून मागून काडतूस घालायची आहे, आणि सेंटरफायर (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या) काडतुसाच्या बंदुका १८६०च्या दशकात आल्या. म्हणजे ती त्याच्या हातची असूच शकत नाही. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन या पेढ्या विकणाऱ्या होत्या. त्यांच्या नावाच्या बहुतेक बंदुका बर्मिंगहॅममध्ये बनून यायच्या आणि पट्टीवर पेढीचं नाव पडायचं. यात कमीपणा काही नाही, कित्येक उत्तम बंदुका अशाच आल्या. पण पट्टीवरचं नाव हे दुकानाचं नाव, एवढं धरून चाला. त्यातही बेल्जियमच्या लिएजमध्ये इंग्रजी वळणाची नावं टाकून स्वस्त माल निघत असे, तोही आपल्याकडे भरपूर आलाय.

खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खाली असते. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकामे आहेत हे बघून पुढचा लाकडी फोरएंड काढा, नळ्या उतरवा आणि उलट्या धरा. चेंबरखालचा जो सपाट भाग ॲक्शनवर, म्हणजे मधल्या लोखंडी सांगाड्यावर, बसतो, तिथे प्रूफचे शिक्के दिसतील, म्हणजे जादा दाबाचा बार काढून नळी तपासल्याच्या खुणा. मुकुटाखाली 'बीव्ही', 'बीपी' असतील तर बर्मिंगहॅम, १९०४ ते १९५४ मधली चाचणी. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि त्यात 'बीपीसी' असेल तर १९०४ च्या आधीची. 'जीपी' ही गुंतलेली अक्षरं आणि मुकुटाखाली नुसता 'व्ही' म्हणजे लंडन. लंबगोलात 'ईएलजी' म्हणजे लिएज, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नाही) असं लिहिलेलं सापडलं तर १८७५ ते १८८७ मधली. चौकटीसारख्या डायमंडमध्ये १२ आणि सी हा शिक्का बर्मिंगहॅम-लंडनने १८८७ पासून मारला, शेजारी चेंबरची लांबी मात्र १९२५ पासून.

नंबर तीन ठिकाणी जुळवा: चापाच्या कडीच्या शेपटीवर, नळ्यांच्या खाली, फोरएंडच्या लोखंडावर. एक जरी वेगळा असला तर दोन बंदुकांची मिळून एक केलेली आहे. पट्टीवर किंवा ॲक्शनवर सोन्यात '१' किंवा '२' जडवलेला असेल, तर ती जोडीतली एक. दुसरी कुठे गेली, याची घरात चौकशी करा. कागदांत तिचा उल्लेख सापडू शकतो.

आता घासण्याचं. गगनबावड्याकडच्या एका घराण्यातली दुनळी बघण्यात आली, तिच्यावर हे सगळं एकत्र दिसतं. बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक, म्हणजे कळ (बार उडवणारी यंत्रणा) ॲक्शनच्या पोटात बसवलेली. खाली 'बीपी', 'बीव्ही', नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या दारूची चाचणी) १⅛ औंस आणि बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, आकडा १३/१. चेंबरच्या लांबीचा शिक्का नाही, म्हणजे १९०४ ते १९२५ मधली. वरून मात्र नव्या शिलाई मशीनसारखी काळीभोर, चकचकीत. पट्टीवर 'कलकत्ता'ची शेवटची दोन अक्षरं तेवढी वाचता येत होती, बाकी नाव पुसून गेलेलं. ॲक्शनवरच्या नक्षीतल्या तितराच्या पंखांच्या रेघा गुळगुळीत झालेल्या. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या. नव्या इंग्रजी बंदुकीत त्या खाचा नळीच्या रेषेत, सगळ्या एका दिशेला असतात. त्या वाकड्यातिकड्या दिसल्या की बंदूक आधी कुणीतरी उघडलीय हे समजतं.

यातलं अर्धं नुकसान खंडेनवमीचं. दरवर्षी पूजेआधी घासायची, मग ओलं हळद-कुंकू, ओली झेंडूची फुलं, आणि तशीच संध्याकाळपर्यंत पाटावर. गगनबावड्याच्या हवेत पट्टीच्या कडेला ते ओलं कुंकू अडकून राहतं आणि तिथेच गंजाचे खड्डे पडतात. पूजा जरूर करा. बंदूक कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, हळद-कुंकू कापडावर वाहा, फुलं शेजारी ठेवा. शस्त्राचा मान त्यात कुठेही कमी होत नाही.

उरलेलं नुकसान कारागिराचं. खड्डे घालवायला त्याने नळ्या आतून होनिंग करून (दगडाने घासून) घेतल्या, इंजिनाचा लायनर करतात तशा. बाहेरून घासून गरम ब्ल्यूइंगच्या, म्हणजे काळा रंग चढवायच्या, कॉस्टिकच्या टाकीत बुडवल्या. आता हिशोब बघा. बोअर मोजायचा तो नळीच्या मागच्या तोंडापासून ९ इंचांवर. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३/१ म्हणजे ०.७१९, १३ म्हणजे ०.७१०. या बंदुकीत १३/१ लिहिलेलं आणि डायल बोअर गेज दाखवत होता ०.७३३. चौदा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढ. जुना नियम दहा थाऊंचा, त्यापुढे गेली की ती प्रूफच्या बाहेर. भिंतीची जाडी डाव्या नळीत मधोमध सतरा थाऊ उरलेली. वीस थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, याच्या खाली गेलेली नळी जाणता गिऱ्हाईक हातात घेत नाही. एक ठोका लागला की पोचा पडतो आणि तो काढायला धातूच शिल्लक नसतो.

टाकीने त्याहून वाईट केलं. दुनळीच्या पट्ट्या नळ्यांना कथिल-शिशाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात आणि गरम कॉस्टिक तो डाक खातं. जुन्या इंग्रजी नळ्यांचा काळा रंग सावकाश गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा चढवून केलेला असतो, टाकीत बुडवून नव्हे. या बंदुकीच्या पट्टीच्या सांध्याला पांढरी भुकटी सुटलेली होती, म्हणजे टाकीतले क्षार अजून आत होते. नळ्या दोरीवर टांगून बोटाच्या पेराने ठोकल्या तर घंटेसारखा आवाज घुमायला हवा. इथे ठक्क, लाकडावर ठोकल्यासारखा. हे काम पैसे देऊन करून घेतलेलं, भाव वाढावा म्हणून. "लोखंडच आहे ते, घासलं की नवं" हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. इंजिनाच्या बाबतीत खरं असेल, दुनळीच्या बाबतीत साफ चूक आहे.

तुम्ही करायचं ते एवढंच: सुती कापडावर पातळ तेल, नळीतून एक फेर, बाहेरून पुसणं. कळ चिकट झाली असेल तर जाणत्याकडून उघडून रॉकेलने धुवायची. खोबरेल कधीच नको, थंडीत गोठतं. ॲक्शनच्या कोपऱ्यात, चापाच्या कडीच्या आडोशाला निळसर-तपकिरी ढगांसारखा रंग दिसला तर तो मूळ हार्डनिंगचा, म्हणजे लोखंडाचा वरचा थर कडक करताना उमटलेला आहे. तो नखाएवढा उरला असला तरी त्याचे पैसे मिळतात.

स्थिती अशी तपासा. फोरएंड काढून नळ्या बंद करा आणि हलवून बघा. चेंबर आणि ॲक्शनच्या भिंतीमधून पातळ कागद बंद स्थितीत सहज सरकला तर सांधा झिजलाय. वरचा लिव्हर नव्या बंदुकीत मध्यापासून थोडा उजवीकडे थांबतो, झिजला की मध्यावर, मग डावीकडे. नळीतून खिडकीकडे बघा, प्रकाशाची कडी कुठे मोडली तर तिथे पोचा. काडतूस उचलणारा तुकडा मधे चिरून दोन भाग झालेला असेल तर इजेक्टर (उडालेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा), अखंड असेल तर साधा. दस्त्याच्या मानेशी, लोखंडाला लागून बारीक चीर बघा, ती तेलाने काळी पडून लपलेली असते.

चेंबरची लांबी मोजल्याशिवाय बार काढू नका. जुन्या बंदुका बहुतेक अडीच इंचांच्या, म्हणजे ६५ मिमी काडतुसाच्या. ७० मिमी काडतूस त्यात गुपचूप बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळ्यांवर पट्ट्यापट्ट्यांची किंवा वळणावळणांची नक्षी असेल तर त्या दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या. फोरएंडखाली नक्षी एकदम संपत असेल तर ती वरून काढलेली नकली.

किमतीचा आकडा इथून देणार नाही, फोटोवरून देणाऱ्याचा विश्वासही धरू नका. उतरंड सांगतो. लंडनचं साइडलॉक (कळ बाजूच्या पट्टीवर बसवलेलं) इजेक्टर सर्वांत वर, मग इंग्रजी बॉक्सलॉक इजेक्टर, मग साधं बॉक्सलॉक, मग बाहेर घोडे असलेली. लिएजची अनामिक त्याखाली. तुमची बर्मिंगहॅमची साधी बॉक्सलॉक निघण्याचीच शक्यता जास्त. परदेशी लिलावाचे आकडे इथे लावू नका. ऐंशीच्या दशकापासून खासगी आयात जवळपास बंद असल्याने इंग्रजी बंदुकीला आपल्याकडे मान आहे. पण कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका, त्यामुळे गिऱ्हाईक आटलंय. चंदगड-आजऱ्याकडे गव्या-डुकरांपासून पीक राखायला बंदूक शोधणाऱ्या शेतकऱ्याला ६५ मिमीची नाजूक इंग्रजी बंदूक नकोच असते, त्याला सरकारी कारखान्याची दणकट डीबीबीएल (मागून भरायची दुनळी) बरी. तुम्हाला हौशी माणूस शोधावा लागेल, आणि तो मूळ रंग, मूळ अक्षरं, मूळ पेटी बघतो. पेटीच्या झाकणातलं कागदी लेबल फाडू नका.

आणि परवान्याचं. जुनी आहे म्हणून सूट, हा समज मोडा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सवलत अशा जुन्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. तुमची चालेल. आजोबांचा परवाना असेल तर त्याची प्रत शोधा, त्यावरचा नंबर बंदुकीशी जुळवा. ते हयात नसतील तर बंदूक आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, कलम २१ तेच सांगतं. मग वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. मोजमापासाठीही नळ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाच्या वर्कशॉपला नेऊ नका. बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच राहू द्या, गेज तिथे मागवा. जमा करताना पंचनाम्यात नंबर, नळ्यांची लांबी, शिक्के आणि असलेले खड्डे लिहून घ्यायला सांगा, फोटो काढा, आणि तेलाचा हलका हात मारूनच द्या. तिथल्या खोलीत पावसाळाभर तिच्याकडे कुणी बघत नाही.