अंगठा लावला, पावती कुठं हाय?

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातल्या एका गावची सरपंच. गावातल्या एका काकाजींना व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान'ची फाइल आली. ती उघडली आणि कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यातून गेला. मुलगा रागावेल म्हणून त्यांनी अजून तक्रारही दिली नाही. एका मावशीला श्रावणबाळच्या पेन्शनचे हजारच रुपये हाती येतात. सदस्य म्हणतात, हे काम पोलिसांचं, ग्रामपंचायतीचं नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत काय ठराव घेऊ?

उत्तर : सरपंचताई, पहिले मावशीचं पाहू. फोनवाल्या चोराची बातमी होते, मशीनवाल्याची, म्हणजे अंगठा घेऊन गावात बँकेचे पैसे देणाऱ्या बँक मित्राची, होत नाही. माझी ग्रामसेवकाची नोकरी यवतमाळ जिल्ह्यातच गेली. म्हाताऱ्या माणसाला गावातलाच ओळखीचा पोट्टा कसा नाडतो, ते मी पाहिलं आहे.

श्रावणबाळ योजनेत आधी महिन्याला १००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १५०० झाले. मावशीला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. तिनं अंगठा लावला, मशीन वाजली, हातात हजार पडले. पुष्कळ ठिकाणी अंगठा दोनदा लावायला सांगतात, "पहिला लागला नाही माय" म्हणून, आणि पैसे दोनदा निघतात. कधी खरंच लागत नाही. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हणूनच ही सबब पचते.

तेव्हा पहिला ठराव असा घ्या : बँक मित्रानं ठरलेल्या दिवशी ग्रामपंचायत कार्यालयातच बसावं, रक्कम मोठ्यानं सांगावी आणि प्रत्येक अंगठ्याची छापील पावती द्यावी, व्यवहार फसला तरी. त्याला कमिशन बँक देते. म्हातारीकडून आपल्या मनानं वीस-पन्नास कापायचा त्याला हक्क नाही. ग्रामपंचायत त्याला काढू शकत नाही, पण ठरावाची प्रत बँकेच्या शाखेला आणि तहसीलदारांना गेली की त्याला वरून विचारणा होते. त्याच सभेत लाभार्थ्यांची नावं आणि रक्कम वाचून दाखवा. दवंडी अजून चालत असेल तर कोतवालाकडून तीही द्या. पासबुक महिन्याला बँकेत भरून आणायचं काम बचत गटाच्या बाया करतील. त्या तशाही शाखेत जातातच.

अंगठा 'लॉक' करा, असा सल्ला शहरातले लोक देतात. आधारमध्ये ती सोय आहे, चांगलीही आहे. पण पैसे काढायच्या वेळी तो उघडावा लागतो आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल लागतो. मावशीचा नंबर कोणाचा जोडलाय, ते आधी पाहा. बहुतेक त्या मशीनवाल्याचाच निघेल.

आणखी एक, हे जरा कडू लागेल. घरकुलाच्या, अनुदानाच्या याद्या आपणच कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवतो, कधी त्यात खाते क्रमांक आणि आधार क्रमांकही असतात. झेरॉक्स दुकानात तर आधारच्या प्रतींचा ढीग पडलेला. नाव आणि रक्कम ठेवा, बाकी आकडे त्या सभेआधी काळी शाई मारून झाका.

आता पोलिसांचं काम की पंचायतीचं. तपास पोलिसांचा, यात वाद नाही. पण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्यानं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आहे. ती यादी गावातून नाही गेली तर ठाणेदाराला स्वप्नात दिसणार आहे का? पोलीस पाटलांना सोबत घेऊन नावं तुम्हीच लेखी द्या आणि पोच घ्या.

फोनवरच्या चोरीत खरी लढाई वेळेची आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसा ज्या खात्यात पोचला तिथं तो गोठवता येतो. चोर तो भराभर पुढच्या खात्यांत सरकवतो, म्हणून उशीर झाला की हाती काही लागत नाही. आपल्या खेड्यात उशीर कशानं होतो? लाजेनं. "एवढा जुना कास्तकार अन् फसला कसा?" हे पारावरचं बोलणं म्हाताऱ्याला चोरीपेक्षा जड जातं. म्हणून दुसरा ठराव : संगणक चालक आणि आशाताई, या दोघांची नावं बोर्डावर लिहा. कोणी आलं की त्यांनी काही न विचारता आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं, १९३० लावायचा, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक सांगायचा. 'कसं झालं' ते मग. चुकारे येतात त्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, हे परत एकदा सांगा. चोरालाही आपला हंगाम माहीत असतो.

काकाजींची तक्रार आजच द्या, उशीर झाला असला तरी. १९३० वर, ठाण्यात आणि बँकेत लेखी अर्ज, तिन्ही. मिळालेला तक्रार क्रमांक बँकेच्या अर्जावर लिहा, पासबुकची झेरॉक्स जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथं फी लागत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर बँक हात वर करते, हेही काकाजींना खरं सांगून ठेवा. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेवर येते. आणि मुलाला फोन तुम्हीच करा ताई. काकाजी नाही करणार.