साधं पोस्टकार्डही नाही?

प्रश्न : माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. पत्र आलं नाही की आजी दाभोळच्या धक्क्यावरच पोस्टमनला गाठायची. कोरियात युद्धाने ताटातूट झालेल्यांना पत्रसुद्धा पाठवता येत नाही, हे खरं का?
– एक वाचक, दाभोळ

उत्तर : खरं आहे. १९५३मध्ये युद्धविराम झाला, शांतता करार नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या सामान्य माणसांत टपाल नाही, फोनही नाही. ताटातूट झालेल्यांच्या मोजक्या भेटी होत त्या रेडक्रॉसमार्फत, दक्षिण कोरियात नावं संगणकाच्या सोडतीने निघत. म्हाडाच्या घरांसारखीच, फक्त इथे अर्जदार बहुतेक म्हातारे! शेवटच्या भेटी ऑगस्ट २०१८मध्ये उत्तर कोरियातल्या कुमगांग डोंगरात झाल्या. पळापळीत चार वर्षांचा असताना हरवलेला मुलगा ९२ वर्षांच्या आईला तिथे भेटला, ७१ वर्षांचा होऊन. तीन दिवसांत एकत्र बसायला मिळाले सुमारे अकरा तास, तेही ठरवून दिलेल्या वेळांतच.