गोदाकाठची दगडी पाती कुठल्या दगडाची?

प्रश्न : पैठण तालुक्यातील आमच्या शेतात गारगोटीची बारीक, धारदार पाती सापडतात. त्यांचा दगड कुठला, हे रासायनिक तपासणीतून कळते का?

उत्तर : ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेबाबत ते बहुधा खात्रीने कळते, कारण तिच्यातील रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम या मूलद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण उगमस्थानागणिक बदलते आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने हत्यार न फोडता मोजता येते. आपल्याकडची पाती मात्र बहुतेक कॅल्सेडनीची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या गारगोटीची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधील (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातील) पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून हा दगड घडला, त्यामुळे एकाच टेकडीवरच्या दोन गारगोट्यांतील मूलद्रव्यांचेही प्रमाण जुळेलच असे नाही, आणि तपासणीतून उगम सांगणे अवघड होते. शिवाय गोदावरीने वाहून आणलेला गोटा काठावरच उचललेला असू शकतो. पाती कृपया जागेवरून हलवू नयेत; छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला कळवावे.