परीक्षा आणि लग्नसराई एकाच महिन्यात : शिकता शिकता सुटी कामे घ्यावीत का?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे एकाच विषयाची आहेत. कॉलेजात शिकत असताना फ्रीलान्सिंग, म्हणजे कुणाच्याही नोकरीत न राहता सुटी कामे घेऊन पैसे मिळवणे, योग्य की अयोग्य, असा हा विषय आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण अनेकांची आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यातला असून लातूरला बीसीएच्या (संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षात शिकतो. घरी चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि सोयाबीनचा पैसा दुकानदाराची उधारी फेडण्यातच संपतो. म्हणून पहिल्या वर्षापासून मी लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करून देतो. एका पत्रिकेचे 300 रुपये मिळतात आणि लग्नसराईत महिन्याला चार-पाच हजार होतात. मात्र तिसऱ्या सत्रात माझे दोन विषय राहिले. आता पुण्याची एक जाहिरात एजन्सी सोशल मीडियासाठी रोज एक पोस्ट करून देण्यासाठी महिना 8,000 रुपये देऊ म्हणते. वडील म्हणतात, सगळे सोडून अभ्यास कर. मी काय करावे?

उत्तर : तुमचे वडील अर्धे बरोबर आहेत. काम सोडा असे मी म्हणणार नाही, कारण मेसचे बिल उपदेशाने भागत नाही; पण पुण्याचे काम घेऊ नका, असे मात्र स्पष्ट सांगतो. विषय का राहिले, हे तुमच्याच पत्रात दिसते, फक्त तुम्ही ते वेगवेगळ्या ओळींत लिहिले आहे. तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे तिथी निघू लागतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पत्रिकांची घाई सुरू होते. दुसरी मोठी लाट एप्रिल-मे महिन्यांत येते. विद्यापीठाच्या सत्र परीक्षाही साधारणपणे याच दोन हंगामांत असतात. म्हणजे ज्या आठवड्यात तुमच्या हातात पुस्तक हवे, नेमक्या त्याच आठवड्यात तुमचे गिऱ्हाईक सर्वांत उतावीळ असते, आणि त्याचा मुहूर्त काही तुमच्या वेळापत्रकासाठी पुढे ढकलला जात नाही.

त्यामुळे सुट्या कामाविषयी पहिला प्रश्न ‘किती मिळतात’ हा नसून ‘मुदत कोणाच्या हातात आहे’ हा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेल्या ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीत विद्यार्थी अंगमेहनत करीत, पण कामाचे तास ठरवणारी संस्था तीच, जी परीक्षा कधी आहे हे जाणत होती. फ्रीलान्सिंगमध्ये हे तास असा माणूस ठरवतो, ज्याला तुमची परीक्षा आहे हे ठाऊकही नसते. रोज एक पोस्ट म्हणजे महिन्याला तीस मुदती झाल्या, आणि त्यातली एकही तुमच्या ताब्यात नाही. ताप आला, गावी सोयाबीन काढणीला जावे लागले, किंवा दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर असला, तरी पोस्ट त्या संध्याकाळी गेलीच पाहिजे. एजन्सीला तोडून बोलायचे नसेल, तर एवढे कळवून पाहा की महिन्याला दहाच पोस्ट करीन, विषय आठ दिवस आधी मिळाले पाहिजेत आणि परीक्षेच्या काळात काम पूर्ण बंद राहील. होकार आला, तर विचार करण्यासारखे आहे. (येणार नाही, असा माझा अंदाज आहे.) होकार आल्यास एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : व्यावसायिक मानधन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की देणारी संस्था त्यातून सहसा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापते आणि पॅन दिलेला नसेल, तर ही कपात 20 टक्क्यांपर्यंत जाते. कापलेले पैसे बुडत नाहीत. तुमच्यासारख्या कमी उत्पन्नाच्या माणसाला आयकर विवरणपत्र भरून ते परत मिळवता येतात. जीएसटी नोंदणीची चिंता मात्र करू नका, कारण सेवांसाठी तिची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक 20 लाख रुपये उलाढालीची आहे.

आता तुमच्या 300 रुपयांकडे पाहू. पत्रिकेची मांडणी दोन तासांत होत असेल, हे मान्य. खरा वेळ त्यानंतर जातो. आधी मामांचे नाव काकांच्या खाली गेले म्हणून निरोप येतो, मग निमंत्रकांत चुलत घराण्यातली दोन नावे वाढतात, मग ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली एका नातवाचे नाव राहिले म्हणून रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश येतो, आणि सर्वांत शेवटी कुणीतरी म्हणते की गणपती जरा मोठा करा. अशा पाच-सहा दुरुस्त्यांत आणखी तीन तास गेले, तर पाच तासांचे 300, म्हणजे तासाला 60 रुपये पडले. एक महिना वहीत प्रत्येक कामाचा वेळ लिहून पाहा. माझा हिशेब चुकला असेल, तर मला आनंदच होईल.

यावर उपाय अवघड नाही, फक्त तोंडाने म्हणण्याची सवय लागते. काम हातात घेतानाच निम्मे पैसे आगाऊ घ्या. दोन दुरुस्त्या ठरलेल्या पैशांत आणि तिसरीपासून प्रत्येकीचे 50 रुपये, हे संदेशात लिहून पाठवा आणि समोरच्याचे ‘हो’ आल्याशिवाय फाइल उघडू नका. नावांची यादी घरातल्या एकाच कारभारी माणसाकडून लेखी घ्या. परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून नवीन पत्रिका न घेता त्या शेजारच्या डीटीपीवाल्याकडे पाठवा. ओळखीच्या माणसाला पैसे मागायला संकोच वाटतो, हे खरे. परंतु आपल्याकडे उधारी बुडते ती बहुधा ओळखीतलीच.

शिवाय तुम्ही बीसीएचे विद्यार्थी आहात. पत्रिका करून गिऱ्हाइकाशी बोलण्याचे धडे मिळाले, ते कमी नाहीत, पण पन्नासावी पत्रिका तुम्हाला पहिल्या दहांपेक्षा नवीन काही शिकवत नाही. लातूरच्या बाजारात आडत दुकाने आहेत, कृषी सेवा केंद्रे आहेत, खासगी शिकवण्या तर गल्लोगल्ली आहेत. एखाद्या कृषी सेवा केंद्राला मालाच्या साठ्याची सोपी नोंदप्रणाली किंवा एखाद्या शिकवणीला साधी वेबसाइट सुट्टीच्या महिन्यात करून द्या. अशा कामाला लग्नाचा मुहूर्त नसतो, मुदत बरीचशी तुम्हाला ठरवता येते आणि हे काम उद्या मुलाखतीत दाखवताही येते. सुटी कामे मिळवून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांकडे वळण्याची घाई नको. फायव्हरसारखे संकेतस्थळ मिळकतीतले 20 टक्के स्वतःकडे ठेवते आणि तेथे पहिले काम मिळेपर्यंत बराच काळ थांबावे लागते.

खर्चाची दुसरी वाटही तपासा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करता येतो. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमची जमीन तिच्या अटींत बसते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर या आठवड्यातच विचारा. राहिलेले दोन विषय निघेपर्यंत महिन्याला सहा-सातपेक्षा अधिक पत्रिका घेऊ नका, आणि ही संख्या वडिलांना सांगून ठेवा; ‘सगळे सोड’ आणि ‘सगळे चालू दे’ यांच्या मधली गोष्ट त्यांच्यापुढे अजून कुणी मांडलेलीच नसावी.

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. तिला मोबाइलवर घरबसल्या टायपिंगचे काम मिळाले असून 2,500 रुपये नोंदणी शुल्क मागितले आहे. भरावे का? – एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : एक रुपयाही भरू नये. काम देणारा माणूस काम करणाऱ्याला पैसे देतो. जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे द्यायला काम नसते. आपल्याला पुढची पायरीही ठाऊक असावी, म्हणून सांगतो. या फसवणुकीच्या एका प्रकारात शुल्क भरल्यावर खरोखरच शेकडो अर्ज टंकलिखित करायला दिले जातात, मुलगी रात्री जागून ते पूर्ण करते, मग अचूकता कमी भरली असे सांगून मानधन नाकारले जाते आणि वकिलाच्या नावाने खोटी नोटीस पाठवून ‘कराराचा भंग’ म्हणून आणखी पैसे उकळले जातात. अशा नोटिशीला मुली घाबरतात, घरी सांगत नाहीत. तिला आजच सांगा की तसे काही आले तर रागावणार नाही. दुसरे असे की ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव आणि कमिशन ठेव’ असे कुणी म्हणाले, तर ते काम नसून गुन्ह्यात सामील होणे आहे. यात खाते गोठते आणि पोलिसांची चौकशी विद्यार्थ्याच्या दारात येते. पैसे आधीच गेले असतील, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर वेळ न घालवता कळवावे, कारण रक्कम अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

पहिल्या वर्षी तिने कमावण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. गरज असेलच, तर कॉलेजात किंवा विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजनेतून काम मिळते का, याची चौकशी करावी.

प्रश्न : मी बारावीत आहे, वय 17. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करतो आणि एका यूट्यूब चॅनेलचे व्हिडिओ एडिटिंग करतो. चॅनेलवाला वर्षाचा करार करू म्हणतो. – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : करू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, म्हणून त्या कागदाच्या जोरावर तुम्हाला पैसे वसूल करता येतीलच, असे नाही. झालेल्या कामाचे पैसे आधी मागून घ्या, आणि चॅनेलवाल्याला नीट परीक्षा झाल्यानंतरची तारीख द्या.