शोधनिबंध लिहिताना चॅटजीपीटीची मदत घेतलेली चालते का, आणि ती सांगावी लागते का?

भाषा सुधारण्यापुरती मदत बहुतेक नियतकालिकांना चालते. मात्र मजकूर किंवा विश्लेषण करून घेतले असेल, तर कोणते साधन कशासाठी वापरले हे निबंधातच, साधारणतः पद्धतीच्या किंवा ऋणनिर्देशाच्या भागात, नमूद करावे लागते. सहलेखक म्हणून त्याचे नाव देता येत नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्येच हे स्पष्ट केले, कारण लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते.

खरा धोका संदर्भसूचीत असतो. संशोधकांची नावे खरी, नियतकालिक खरे, खंड आणि पृष्ठ क्रमांक व्यवस्थित, पण तसा निबंध कधी प्रसिद्धच झालेला नाही, असे संदर्भ ही साधने बेमालूम तयार करतात. म्हणून प्रत्येक डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहावा आणि मूळ निबंध वाचल्याशिवाय संदर्भ ठेवू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत आधीच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण साम्याची तपासणी जुळणारा मजकूर शोधते, एआयचा वापर नव्हे. एआय ओळखणाऱ्या साधनांवर मार्गदर्शकांनीही विसंबू नये, कारण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे स्वतःचे लेखन ती अनेकदा यंत्राचे ठरवतात, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या प्रामाणिक विद्यार्थ्यावर असा आरोप होणे फार अन्यायाचे आहे. तारखांसह जुने मसुदे जपून ठेवले, तर त्याला पुरावा दाखवता येतो.

परीक्षणासाठी आलेले दुसऱ्याचे अप्रकाशित हस्तलिखित मात्र अशा साधनात मुळीच टाकू नये. तो गोपनीयतेचा भंग आहे.